खालची वाट बघा

स्पेनच्या दक्षिणेला, मालागा प्रांतात, ग्वादालोर्से नदीने चुनखडीचा डोंगर चिरून घळ केली आहे. कडे कुठे कुठे तीनशे मीटर उंच, आणि अगदी अरुंद जागी दोन्हींमधलं अंतर जेमतेम दहा मीटर. त्या कड्याला धरून, नदीपासून शंभरेक मीटर वर फळ्यांची वाट जाते. तिचं नाव कामिनितो देल रेय, राजाची छोटी वाट. लेक जर्मनीत असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी स्पेनला आलो आणि गाइडबरोबर ही वाट चाललो. तीस वर्षं सह्याद्रीत हिंडूनही मला तिथे बरंच नव्याने कळलं.

१. तिकिटावरची वेळ फाटकाची असते, गाडीतळाची नाही. उत्तरेकडून, आर्दालेसच्या बाजूने, बोगद्यातून गेलं तरी फाटकापर्यंत दीड किलोमीटर चालावं लागतं. दुसऱ्या वाटेने पावणेतीन. आम्ही सावलीत डबा उघडून बसलो आणि मग धापा टाकत पळालो. तासभर हाताशी ठेवा.

२. हेल्मेट काढू नका. ते तुम्ही पडाल म्हणून नसतं, वरून दगड येतो म्हणून असतं. फोटोसाठी ते काढणाऱ्या एका मुलाला आमच्या गाइडने तिथेच थांबवलं. तिने ते केलं म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

३. खालची वाट बघा. सगळे समोर बघतात, दरीत बघतात. नव्या फळ्यांच्या खाली, अगदी लगत, जुनी वाट अजून कड्याला चिकटून आहे: कातळात रोवलेल्या लोखंडावर काँक्रीटचा मीटरभर रुंद पट्टा, कठडा गेलेला, मध्येच भगदाडं आणि त्यातून दिसणारी हिरवट नदी. इथे दोन धबधब्यांच्या पाण्यावर वीज तयार होई. त्या दोन टोकांमध्ये माणसांना आणि सामानाला ये-जा करता यावी म्हणून १९०१ ते १९०५ या काळात ही वाट बांधली. पुढे १९२१ मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो जवळच्या धरणाच्या समारंभाला आला, आणि वाटेला त्याचं नाव चिकटलं. गाइड म्हणाली, कामगारांच्या घरची मुलंही शाळेला इथूनच जायची.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आपल्या घाटवाटाही मीठ, तांदूळ वाहणाऱ्यांच्या पायांनी मळल्या आहेत. दप्तर घेतलेलं पोर त्या पट्ट्यावरून रोज जात असेल, आणि घरी आईचं लक्ष घड्याळाकडे लागलेलं असेल. राजा एकदा आला. ही मुलं रोज येत होती. गाइड नसती तर मी या पट्ट्याला पडका कठडा समजून पुढे गेले असते.

वाट पुढे ओस पडली, ढासळली. तरी धाडस करायला माणसं येत राहिली. १९९९ आणि २००० साली इथे जीव गेले, तेव्हा ती बंद केली. फळ्यांची नवी वाट मार्च २०१५ मध्ये खुली झाली.

४. दृष्टिभय सवयीने जात नाही. सह्याद्रीतल्या ट्रॅव्हर्सवर हात कातळात असतात, बोटांना खोबण सापडते, मनाला काम असतं. इथे वाट सपाट, कठडा मजबूत, हातांना काहीच काम नाही, म्हणून सगळं लक्ष खोलीकडे जातं. एका वळणावर माझे पाय जागेवर थिजले. लेक मागून म्हणाली, "आई, भिंतीला हात लाव आणि चाल." गार, खरखरीत चुनखडी हाताला लागली आणि पाय सुटले. तसं कुणाला झालं तर त्याला हसू नका, घाई करू नका, भिंतीची बाजू द्या.

५. दोन घळींच्या मध्ये दरी रुंद होते, पाइनची झाडं येतात. तिथे मान वर करा. आम्हाला नऊ गिधाडं दिसली, अडीच मीटर पंखांची, एकही पंख न हलवता घिरट्या घालणारी. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुरावर गिधाडांचा थवा उतरायचा. मग गुरांना देत असत त्या डायक्लोफिनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आभाळ रिकामं झालं. आपल्याकडे गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद केलं, पण तोवर फार उशीर झाला होता. लेकीने आयुष्यात पहिल्यांदाच इतकी गिधाडं एकत्र पाहिली, तीही परमुलखात. मला भरून आलं.

६. पाणी पुरेसं घ्या. सगळं मिळून पावणेआठ किलोमीटर आहे आणि शेवटचा भाग उन्हातला.

७. झुलता पूल शेवटी येतो, नदीवर १०५ मीटर. पायाखाली लोखंडी जाळी, आणि वारा थेट अंगावर. पलीकडच्या कड्यात रेल्वेचे बोगदे आहेत. आम्ही पुलावर असतानाच दोन बोगद्यांच्या मधून एक गाडी धडधडत गेली, आणि पूल ओलांडेपर्यंत मी कठडा सोडला नाही. पलीकडे पोचल्यावर मागे वळून बघितलं. आम्ही चाललो ती वाट कड्यावर बारीक रेघेसारखी दिसत होती, आणि तिच्याखाली दुसरी, तुटक रेघ. लेक म्हणाली, "आई, त्या मुलांना पावसात सुट्टी मिळत असेल ना गं?"