पुसलेली अक्षरे

थोर ग्रीक गणिती आर्किमिडीज याच्या ग्रंथांची एक प्रत दहाव्या शतकात चर्मपत्रावर लिहिली गेली. तिच्यातील एक ग्रंथ आज अन्यत्र कोठेही आढळत नाही. जनावराच्या कातड्यापासून केलेले चर्मपत्र त्या काळी फार महाग असे. म्हणून इ. स. १२२९ मध्ये एका धर्मोपदेशकाने ती अक्षरे खरवडून त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या. पुढे पानांना बुरशी लागली. विसाव्या शतकात तर काही पानांवर कोणी सोनेरी चित्रे रंगविली. ज्ञानाचा तो ठेवा जणू कायमचा लोपला!

परंतु ती शाई मायफळ व हिराकस यांपासून केलेली होती. हिराकस हा लोहाचा क्षार होय. अक्षरे खरवडली गेली, तरी लोहाचे सूक्ष्म कण चर्मपत्रात मुरून राहिले. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे शास्त्रज्ञांनी त्या पानांवर क्ष-किरण सोडले. अशा वेळी लोह आपले विशिष्ट किरण बाहेर टाकते. ते यंत्राने टिपले आणि चित्रांखाली दडलेल्या ओळी हळूहळू उमटू लागल्या.

म्हणून जुने, डागाळलेले पान निरुपयोगी समजून कोणी टाकून देऊ नये.