एसआयपी थांबवू का?

प्रश्न : टॅरिफ, युद्ध, निवडणुका... रोज नवी बातमी. मुलीच्या शिक्षणासाठी चालू असलेली एसआयपी बंद करावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एप्रिल 2025 आठवा. 2 तारखेला ट्रम्प यांनी आयातशुल्क जाहीर केलं. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेचा एस अँड पी 500 सुमारे 10 टक्के कोसळला. 9 तारखेला बहुतेक देशांना 90 दिवसांची सवलत मिळाली आणि तोच निर्देशांक एका दिवसात 9.5 टक्के उसळला. घाबरून 8 तारखेला विकणाऱ्याचा तोटा पक्का झाला.

माझ्या मते खरी दखल घेण्याजोगी गोष्ट वेगळीच होती. एरवी शेअर पडले की पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांकडे धावतो. त्या आठवड्यात रोखेही विकले गेले, त्यांचा परतावा वाढला आणि डॉलरही घसरला. म्हणजे नेहमीचा आसराच डळमळला. सोन्याची मागणी वाढण्यामागे हेही एक कारण आहे. (पण म्हणून सगळंच सोन्यात घालू नका.)

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. मुलीची फी तीन वर्षांच्या आत भरायची असेल, तर तेवढी रक्कम आताच टप्प्याटप्प्यानं मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात हलवा. बाजार कसाही असो. तीन वर्षांहून लांबच्या गरजेसाठीची एसआयपी चालू ठेवा.