वीज येते, तिचा बेत गावानं करावा

गव्हा-हरभऱ्याला ओलित करायचं, तर मोटार हवी. मोटारीला वीज हवी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कितीतरी माणसं रातच्याला बॅटरी घेऊन वावरात जातात. थंडी असते. सापकिरडूची भीती असते. शेतीला दिवसा वीज मिळावी, म्हणून 2017 साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली.

योजना अशी आहे. मोकळ्या जमिनीवर उन्हापासून वीज तयार करतात. ती जवळच्या उपकेंद्रात जाते. तिथून 11 हजार व्होल्टच्या तारेने डीपीपर्यंत येते. डीपी तिचा दाब कमी करते. मग मोटार चालते.

ही जमीन कुठली? पुष्कळदा गावची ई-क्लास. कागदावर ती पडीक दिसते. पण तिथं कुणाच्या शेळ्या चरतात. कुणी सरपण आणतं. नकाशा काढणाऱ्याला हे कसं कळावं? ते गावानंच सांगितलं पाहिजे. त्याची जागा म्हणजे ग्रामसभा. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. ज्याला वावर नाही, पण शेळ्या आहेत, त्यानंही बोलावं. बायांनी मागं बसून राहू नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मी शाळेत बेरीज शिकवली. तीच इथं कामाला येते. 63 केव्हीएची डीपी 5 अश्वशक्तीच्या साधारण 10-11 मोटारींचा भार सोसते. कागदावर 8 मोटारी आहेत. आकडा टाकून आणखी 6 चालल्या. झाल्या 14. डीपी जळते आणि चौदाही वावरं कोरडी राहतात. हरभरा काही वाट पाहत नाही! म्हणून मोटारी लपवू नका. खरा आकडा सांगा, आणि त्या आकड्याला पुरेल अशी डीपी मागा.

सभेआधी यादी करा. मोटारी किती? कोणत्या विहिरीपर्यंत तार नाही? बैलगाडीच्या वाटेवर तार कुठं लोंबते? गुरांची वाट कुठून जाते? यादी सभेत मोठ्यानं वाचा. ठराव लिहून घ्या. त्याची नक्कल महावितरणच्या कचेरीत द्या आणि पोच घ्या.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येतं. ठराव वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.

सांगा पाहू :
1. तुमच्या डीपीवर खऱ्या मोटारी किती आहेत?
2. तुमच्या गावची ई-क्लास कोणाकोणाच्या कामी येते?