ओढ्यातील खेकडा : एक निरीक्षणपाठ

मृगाचा पाऊस स्थिरावला की कुरवंड्याचे ओढे खळाळू लागतात. इंद्रायणीचा उगम याच परिसरातला. या ओढ्यांत एखादा दगड उचलावा, तर त्याखालचा खेकडा नांग्या उगारून मागे सरकतो. मुलांना तो रागावलेला वाटतो. वस्तुतः तो भ्यालेला असतो. अशा वेळी हात आवरावा आणि नीट पाहावे.

खेकड्याच्या पोटाखाली एक दुमडलेली झडप असते. नराची झडप अरुंद, तर मादीची रुंद व गोलसर असते. या झडपेखाली मादी आपली अंडी सांभाळते. समुद्रातील खेकड्यांच्या अंड्यांतून सूक्ष्म डिंभ बाहेर पडतात आणि पाण्याबरोबर दूरवर तरंगत जातात. डोंगरातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांचे तसे नाही. त्यांची अंडी संख्येने थोडी, पण आकाराने मोठी असतात. त्यांतून थेट इवलासा खेकडाच जन्मतो आणि काही काळ आईच्या पोटाशीच बिलगून राहतो. म्हणून अशी एक मादी मारली गेली, तर तिच्यासोबत तिची सारी पिलेही जातात. एखादा ओढा एकदा रिकामा झाला, तर तो सहजासहजी पुन्हा भरत नाही.

पहिल्या पावसाच्या रात्री बत्ती घेऊन खेकडे पकडण्याची रीत जुनी आहे. अनेक गरीब घरांना त्या कालवणाने आधार दिला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पिलांची मादी ओळखून तिला सोडून देणे आपल्या हाती आहे. कुजलेला पालापाचोळा खाऊन ओढा स्वच्छ ठेवण्याचे कामही हाच जीव करीत असतो.

एकमेकांचे पाय ओढणाऱ्या माणसांना आपण खेकड्याची उपमा देतो. जातककथेतील खेकडा मात्र निराळा आहे. सुवण्णकक्कटक जातकात शेतकरी असलेले बोधिसत्त्व तळ्यातील खेकड्याला उपरण्यात घेऊन शेतावर नेतात आणि काम संपल्यावर पुन्हा तळ्यात सोडतात. पुढे बोधिसत्त्वांना सर्पदंश होतो, तेव्हा तोच खेकडा आपल्या नांगीत सापाला पकडून ते विष परत शोषून घ्यायला लावतो. तो खेकडा म्हणजे पूर्वजन्मीचे आनंद, असे ही कथा सांगते.

प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. त्याचा सराव ओढ्याकाठीही करता येतो. दगड हळूच उचलावा, पाहावे, आणि खेकड्याला इजा न होईल असा तो होता तसाच परत ठेवावा. दगडाखाली कोणाचे तरी घर आहे, एवढे भान राहिले तरी हा पाठ पुरा झाला.