ओळखपत्राचे फोटो आणि मुलांचे रंग



ओळखपत्रासाठी मुलांचे फोटो आपण वर्गातच मोबाइलवर काढतो. मागच्या वर्षी माझ्या फोटोंत सगळे चेहरे हिरवट आले. कारण साधंच, शेजारी पोपटी भिंत! भिंतीवरून परतणारा प्रकाश तिचा रंग घेऊनच चेहऱ्यावर पडतो. पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. आपले डोळे-मेंदू हा फरक जुळवून घेतात, कॅमेरा कधीकधी चुकतो.

उपाय सोपा आहे. पहिल्या मुलाच्या हातात पांढरा कागद देऊन एक फोटो काढा. स्नॅपसीडमध्ये 'व्हाइट बॅलन्स' उघडून पिकर त्या कागदावर टेकवा. जे आकडे येतील तेच त्याच जागी काढलेल्या बाकीच्या फोटोंना द्या. कागदाऐवजी गणवेशाचा शर्ट घेऊ नका हं. नीळ दिलेला शर्ट निळसर असतो, मग चेहरा पिवळा पडतो. मी फसलोय!

पण खरी चूक माझी वेगळीच होती. हिरवटपणा जाईना म्हणून मी ब्युटी फिल्टर लावला. चौथीतली एक मुलगी फोटो बघून म्हणाली, "सर, ही मी नाहीये." सगळ्या वर्गाला मी एकाच गोऱ्या रंगात बुडवलं होतं. फोटोवरची झाक काढायची होती, मी मुलीचा रंगच काढला.

दुसऱ्या दिवशी सगळे फोटो व्हरांड्यातल्या उजेडात पुन्हा काढले. आता छापण्याआधी मोबाइल मुलाच्या चेहऱ्याशेजारी धरतो आणि त्यालाच विचारतो, "तूच ना हा?"