शोधयंत्राला काय दिसते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरे कोसळली. ती का कोसळली, हे सांगणारा उत्तम मराठी लेख संकेतस्थळावर आहे. पण शोधयंत्राला तो सापडत नाही, असे समजा. कारण काय असेल?

संगणक अक्षरे क्रमांकांच्या रूपात साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. जुन्या कित्येक फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत रोमन अक्षराचा क्रमांक असे. अशा लेखात यंत्राला ‘किल्लारी’ हा शब्दच आढळत नाही. म्हणून युनिकोड व नेमके शीर्षक हवे.

मग शीर्षकात ‘भूकंप’ दहादा लिहिला तर? लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत इतर पानांनी दिलेले दुवे शिफारशीसारखे मोजतात. पोकळ लेखाची शिफारस कोण करील? खोटे दुवे जोडणारेही निघाले. तेव्हा अखेरची पारख वाचकाचीच.

थोडक्यात, हा गुणाकार आहे. लेख सापडलाच नाही तर उत्तर शून्य. सापडला, पण आत काही नसले तरी शून्यच.

करून पाहा : ‘किल्लारी भूकंप’ शोधा. पहिल्या तीन पानांपैकी घरे कोसळण्याचे कारण कोणते पान समजावते?