फरीगदग्याची जोड लावताना

मर्दानी खेळांपैकी फरीगदगा हा प्राथमिक शाळेस सर्वांत जवळचा. फरी म्हणजे डाव्या हातातील लहान ढाल, गदगा म्हणजे तलवारीऐवजी उजव्या हाती धरावयाची, चामड्याने मढविलेली छडी. हत्यार बोथट केले की खेळ निर्धोक झाला, असा समज मात्र सर्वस्वी चुकीचा होय. पवित्रे व हात यांचा एकट्याने सराव करताना इजा क्वचितच होते. दोन मुले समोरासमोर उभी राहिली म्हणजे शिक्षकाची खरी जबाबदारी सुरू होते.

संरक्षक साधन कोठवर उपयोगी पडते, हे मुष्टियुद्धावरून ध्यानी येईल. १८६७ सालच्या क्वीन्सबेरी नियमांनी त्यात हातमोजे आले. मोज्याने मुठीची हाडे वाचतात. पण मूठ वाचते म्हणूनच खेळाडू डोक्यावर निर्धास्तपणे प्रहार करू लागतो. शिरस्त्राणाचेही तसेच आहे. त्याने कातडी फाटणे कमी होते, परंतु डोके झटक्याने फिरले असता कवटीच्या आत मेंदूस बसणारा हेलकावा त्याने थांबत नाही. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या लढती शिरस्त्राणावाचूनच झाल्या. यास्तव शाळेत मुलांच्या डोक्यावर फेटा बांधून डोक्यावरील वारास मोकळीक देणे हे रक्षण नव्हे. डोक्यावरचा वार व टोकाची भोसक हे दोन्ही वर्ज्यच ठेवावेत.

दुसरे उदाहरण पट्टेबाजीचे. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि त्याचे तुटके टोक ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या मुखजाळीतून आत शिरले; काही दिवसांनी त्याचा अंत झाला. त्यानंतर जाळी, पोशाख व पाती यांविषयीचे नियम कडक झाले. गदगाही तडकतो. चामडे उसवून आतील काठीचे कूस बाहेर आले तर तो डोळ्यास घातक ठरतो. म्हणून प्रत्येक तासापूर्वी तो हात फिरवून व वाकवून पाहावा.

जोड इयत्तेवरून लावू नये. उंची, वजन व सरावाचा काळ पाहून लावावी. चष्मा, अंगठी, बांगड्या उतरवून ठेवाव्यात. प्रथम ठरीव वार व ठरीव अडवणूक. मोकळी लढत पुष्कळ पुढे.

एवढे करूनही डोक्यास मार बसल्यास त्या मुलाचा खेळ त्या दिवसापुरता संपला असे समजावे. डोके दुखणे, भोवळ, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणे ही लक्षणे उशिराही दिसतात. वारंवार ओकारी, वाढती गुंगी, झटके किंवा हातापायांतील अशक्तपणा दिसताच दवाखाना गाठावा. मुलास घरी एकटे धाडू नये. पालकांस समक्ष सांगावे, आणि डॉक्टरांच्या अनुमतीवाचून पुन्हा फरी हाती देऊ नये. सवंगडी भित्रा म्हणतील या धास्तीने मुले दुखणे लपवितात, तेव्हा "बरे वाटते" या उत्तरावर विसंबणे योग्य नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात तर ठरीव डावच दाखवावेत. टाळ्या पडू लागल्या की मुलाचा हात आपोआप जड होतो.